चिवडा घरीच राहणार

जुलै संपता संपता आम्ही दोघी, मी आणि माझी दहा वर्षांची लेक, पाठीवर सॅक टाकून रेडवुड या उंचच उंच झाडांच्या जंगलात मुक्कामाला जाणार आहोत. उत्तर कॅलिफोर्नियात ऑरिक नावाचं एक लहानसं गाव आहे. त्याच्याजवळ रेडवुड क्रीक ही नदी समुद्राला मिळते आणि तिच्या काठाकाठानं एक पायवाट आत जाते. त्या वाटेनं चालायचं, नदीपात्रातल्या गोट्यांवर टेंट लावायचा, दोन रात्री राहायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. बेत एवढाच. तो एवढाच ठेवायला मला बरीच वादावादी करावी लागली, थोडी इतरांशी आणि जास्त स्वतःच्या जुन्या सवयींशी.

आमचा बेत ऐकल्यावर इथल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या, ट्रेकर मंडळींनी भरभरून सुचवलं. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त गाडी हाणत जाताय, तर वाटेत ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स करा, लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह करा, फर्न कॅन्यन चुकवू नका, वर जेडेडाया स्मिथपर्यंत जाऊनच या. यातलं प्रत्येक ठिकाण सुंदर आहे. पण मुलीला घेऊन अशी यादी पुरी करायला निघालं की निम्मा दिवस गाडीत जातो आणि उरलेला पार्किंग शोधण्यात. तिला एकाच नदीच्या काठी, एकाच जंगलात, कंटाळा येऊन तो जाईपर्यंत बसता यावं असा माझा हट्ट आहे. मुलांना कंटाळा आला की आपण लगेच काहीतरी हातात देतो. तो कंटाळा ओसरल्यावर ती काय बघायला लागतात, ते मला बघायचंय.

मी साताऱ्याची. आमचं लहानपणीचं भटकणं म्हणजे गड. अजिंक्यतारा तर उठलं की निघालं असा. बाबांबरोबर पहिल्यांदा वासोट्याला गेले तेव्हा बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडला, आणि पलीकडच्या काठावर पाय ठेवल्यापासून बाबांच्या तोंडी एकच, 'चला, माथा गाठायचाय.' सह्याद्रीत ते बरोबरच आहे. तिथं चढायचं असतं, आणि माथ्यावरचा वारा अंगावर आला की सगळं भरून पावतं. रेडवुडच्या जंगलात मात्र सगळं उलटं आहे. सगळ्यांत उंच झाडं डोंगरमाथ्यावर नसतात. ती बहुतेक असतात दरीच्या तळाशी, नदीनं पुरापुराला आणून टाकलेल्या गाळाच्या सपाटीवर. तिथं माती खोल, ओल भरपूर, वाऱ्याचा मारा कमी. म्हणजे जे बघायला जायचं ते सपाटीलाच उभं आहे. दहा वर्षांच्या पायांना याहून सोयीचं जंगल कुठलं मिळणार?

रेडवुड म्हटलं की तीन वेगवेगळ्या झाडांची गल्लत होते, म्हणून आधी ते सांगते. सिएरा नेवाडाच्या डोंगरात असतात ते जायंट सिकोया. त्यांचा बुंधा अवाढव्य, आकारमानानं ते सगळ्यांत मोठे. चीनमध्ये १९४०च्या दशकात सापडलेलं, त्याआधी केवळ जीवाश्मांमधून माहीत असलेलं, ते डॉन रेडवुड. आणि आम्ही जिथं जातोय तिथं असतो कोस्ट रेडवुड, जगातलं सगळ्यांत उंच झाड. तो मॉन्टेरे जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून ओरेगनच्या कोपऱ्यापर्यंत, समुद्रालगतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात वाढतो. या पट्ट्याबाहेर तो आपणहून जात नाही, कारण त्याला धुकं लागतं.

ही गोष्ट लेकीला समजावताना मला माझं स्वतःचं हवामान उलटं करून बघावं लागलं. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागतो आणि सप्टेंबरपर्यंत झाडं पाण्यात न्हातात. इथं नेमके तेच चार महिने कोरडे. पाऊस हिवाळ्यात पडतो. मग उन्हाळ्यात शंभर मीटर उंचीच्या झाडानं पाणी आणायचं कुठून? प्रशांत महासागराचं थंड पाणी आणि त्यावरची दमट हवा यांतून धुकं तयार होतं, रात्री ते दऱ्यांमध्ये शिरतं, पानांना अडकतं आणि थेंब होऊन खाली ठिबकतं. काही ओल पानंच शोषून घेतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका जंगलात केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात जमिनीला मिळालेल्या पाण्यापैकी जवळपास एक तृतीयांश पाणी झाडांवरून ठिबकलेल्या धुक्याचं निघालं. हे कळल्यावर लेकीनं विचारलं, 'म्हणजे झाड स्वतःच पाऊस पाडतं?' मी हो म्हटलं. शास्त्रज्ञ थोडं काटेकोरपणे सांगतील, पण दहाव्या वर्षी एवढं पुरे. आणि यातून एक व्यवहाराची गोष्टही निघाली: ऐन उन्हाळ्यात, पावसाचं नावही नसताना, आमचा टेंट सकाळी ओला असणार. त्यामुळे टेंटवरचं वरचं कापड घ्यायचंच, आणि सुती कपडे घरी ठेवायचे. भिजलेला सुती कपडा तिथल्या गारठ्यात वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवतो.

आता हायपेरियनबद्दल. जगातलं सगळ्यांत उंच ज्ञात झाड, आम्ही जातोय त्याच रेडवुड नॅशनल पार्कात २००६ साली सापडलेलं, उंची ११५ मीटरच्या वर. लेकीनं व्हिडिओत बघितलं आणि ठरवून टाकलं की आपण तिथंच जायचं. तिथं जायला वाट नाही. पार्कानं जागा कधी जाहीर केली नाही, तरी ती इंटरनेटवर फुटली आणि लोक झाडी तुडवत जायला लागले. झाडाभोवतीची माती इतकी दाबली गेली की तिथं आता नेचे उगवत नाहीत. वाटेवर कचरा, लोकांनी केलेली घाण. रेडवुडची मुळं खोल जात नाहीत, दोन-चार मीटरच. ती आडवी पसरतात, तीस मीटरपर्यंतसुद्धा, आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. आपण बुंध्यापाशी उभे राहतो तेव्हा त्या मुळांवरच उभे असतो. अखेर २०२२ साली पार्कानं तो भाग बंद केला. गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

लेक हिरमुसली. मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. आम्ही ज्या वाटेनं जाणार आहोत तिच्या शेवटी, साधारण आठ मैलांवर, टॉल ट्रीज ग्रोव्ह, म्हणजे उंच झाडांची राई, आहे. १९६३ साली नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेनं तिथलं एक झाड मोजलं, ते सुमारे ११२ मीटर भरलं, आणि तेव्हा ते जगातलं सगळ्यांत उंच झाड ठरलं. त्याचे फोटो छापून आले, गाजले, आणि इथं राष्ट्रीय उद्यान व्हावं या मागणीला जोर चढला. पुढे त्या झाडाचा शेंडा वाळून मोडला, त्याहून उंच झाडं सापडत गेली. झाड अजून तिथंच आहे. पहिला नंबर गेला म्हणून त्याचं काही अडलेलं नाही.

तरीही, टॉल ट्रीज ग्रोव्हपर्यंत पोचलंच पाहिजे असं आम्ही ठरवलेलं नाही. या अटीवर मी ठाम आहे. पहिल्या दिवशी तीन-चार मैल चालून मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी टेंट तिथंच ठेवून, हलकी सॅक घेऊन, तिला जावंसं वाटेल तितकं पुढे जायचं. चार मैल गेलो तर झाडांपाशी पोचू. अर्ध्या मैलावर एखाद्या ओंडक्यापाशी ती रमली तर तिथंच थांबू.

ओंडक्यापाशी मुलं रमतात, हे मी सॅनबॉर्न पार्कातल्या सरावाच्या मुक्कामात पाहिलंय. सॅराटोगाच्या वरच्या डोंगरात, घरापासून तासाभराच्या आत. गाडी लावून थोडं चालत जायचं आणि रेडवुडखाली टेंट लावायचा, एवढी ती सोय. तिथं आल्याआल्या मी मान वर करून शेंडे शोधत होते आणि ही गुडघ्यावर बसून जमिनीवरच्या काटक्या गोळा करत होती. दोन डहाळ्या घेऊन आली आणि म्हणाली, 'आई, ही दोन वेगळी झाडं आहेत.' एकीची पानं चपटी, दोन्ही बाजूंना पंखांसारखी ओळीनं लागलेली. दुसरीची बारीक, टोकदार, डहाळीला घट्ट चिकटलेली. दोन्ही रेडवुडचीच. खालच्या फांद्यांवर सावली असते, म्हणून पानं पसरट. वर शेंड्याकडे ऊन आणि वारा, शिवाय मुळांपासून तिथवर पाणी ओढून नेणं अवघड, म्हणून पानं आखूड आणि आवळलेली. हातात धरलेली डहाळी कुठल्या उंचीवरून पडली असेल ते पानं बघून सांगता येतं. शंभर मीटर वरचं जे मला मान दुखेपर्यंत दिसत नव्हतं, ते तिच्या तळहातावर होतं. त्या दिवशी माझ्या मनातला बेत बदलला. किती चालायचं हा हिशोब मी सोडून दिला आणि कुठं बसायचं त्याचा सुरू केला.

त्या जमिनीवर बघण्यासारखं खूप आहे. रेडवुड सॉरेल म्हणजे आपल्या आंबुटीची इथली मोठी बहीण, तशीच तीन पानांची, रेडवुडखालच्या सावलीत गालिचा अंथरल्यागत पसरलेली. फांद्यांतून उन्हाचा कवडसा तिच्यावर थेट पडला की काही मिनिटांत पानं खाली मिटतात, कवडसा सरकला की पुन्हा उघडतात. घड्याळ लावून बघायचं, असं आमचं ठरलंय. पिवळ्याधमक बनाना स्लग, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगाई, बोटभर लांबीच्या. रेडवुडचा शंकू एवढ्याशा पेराएवढा, आणि त्यातलं बी टोमॅटोच्या बीएवढं.

नदीतल्या गोट्यांवर टेंट लावायचा म्हटल्यावर बाबांनी फोनवर लगेच विचारलं, 'पात्रात? रात्री पाणी वाढलं तर?' प्रश्न रास्त आहे. कोयनेच्या काठच्या माणसाला तो पडणारच. इथं उन्हाळ्यात पाऊस नसतो, नदी आटून गुडघाभर होते आणि दोन्ही बाजूंना गोट्यांचे रुंद पट्टे उघडे पडतात. नदी ओलांडायला पार्कवाले उन्हाळ्यापुरते लाकडी साकव बसवतात आणि पाऊस सुरू होण्याआधी काढून घेतात. परमिट काढलं की पहिला साकव ओलांडल्यानंतर या पट्ट्यांवर कुठेही राहता येतं, टॉल ट्रीज ग्रोव्हच्या जवळचा भाग तेवढा सोडून. नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर झाडांखाली मुक्काम करू देत नाहीत, कारण तिथली माती आणि मुळं जपायची असतात. गोटे तुडवले तरी पुढच्या पुरात ते पुन्हा नव्यानं मांडले जातात.

पण त्या गोट्यांचा इतिहास मी वाचला तेव्हा मी सुन्न झाले. १९६८ साली रेडवुड नॅशनल पार्क झालं, तेव्हा रेडवुड क्रीकच्या बाजूनं पार्काच्या वाट्याला नदीलगतची अरुंद पट्टी आली, जेमतेम अर्धा मैल रुंद. तिला लोक 'अळी' म्हणायचे. पट्टीच्या वरचे उतार लाकूड कंपन्यांचे होते आणि तिथली जुनी झाडं सरसकट तोडली जात होती. झाडं गेली, उतारांवर रस्ते खणले गेले, जमीन उघडी पडली. त्याआधीच १९६४ सालचा मोठा पूर येऊन गेला होता, सत्तरच्या दशकात आणखी पूर आले. डोंगरावरची माती आणि दगड नदीत उतरले, पात्र भरून वर आलं, आणि ज्या झाडांसाठी पार्क केलं त्यांच्याच मुळांपाशी पाणी आणि गाळ पोचायला लागला. तळातली झाडं वाचवायची तर वरचा डोंगरही लागतो, हे पटायला दहा वर्षं गेली. १९७८ साली ४८ हजार एकर जमीन पार्कात आली, बहुतेक आधीच तोडून झालेली. तेव्हापासून तिथले जुने रस्ते उकरून उतार पूर्ववत करण्याचं काम चालू आहे. दोन वर्षांनी, १९८० साली, युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हटलं.

पार्क वाढवायला तेव्हा तोडणाऱ्यांचा विरोधही होता, आणि लेकीला मी तेही सांगितलं. १९७७ साली लाकूडतोडे ट्रकांचा ताफा घेऊन थेट वॉशिंग्टनला गेले. अध्यक्ष जिमी कार्टर भुईमुगाचे शेतकरी, म्हणून रेडवुडच्या ओंडक्यातून कोरलेली भलीमोठी भुईमुगाची शेंग त्यांनी भेट म्हणून नेली. ती स्वीकारली गेली नाही. ऑरिकसारखी गावं लाकडावर जगत होती. गिरण्या बंद पडल्या तसं गाव रोडावलं. साताऱ्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं मी पाहिली आहेत. वाचवणाऱ्यांनी वाचवलं ते बरंच केलं, पण त्याची किंमत ज्यांच्या घरातून गेली त्यांचं नावही मुलांच्या कानावर पडावं असं मला वाटतं.

आणि या दोघांच्याही फार आधीपासून इथं युरोक लोक आहेत. रेडवुडच्या फळ्यांची घरं, एका खोडातून कोरलेल्या होड्या. ऑरिक हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेलं. २०२२ साली युरोक जमातीनं पार्काच्या साथीनं कॅलिफोर्निया काँडोर गिधाडं या भागात पुन्हा सोडली. शतकाहून अधिक काळ इथलं आभाळ त्यांच्याविना होतं. म्हणून दुर्बीण सॅकमध्ये जाणार, तिचं वजन मी मोजणार नाही.

बाकी सगळ्याचं वजन मात्र मोजतेय. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर बोजा देऊ नये असं म्हणतात. लेकीच्या बाबतीत ते तीन-साडेतीन किलो. तिची स्लीपिंग बॅग, पावसाळी जाकीट, पाण्याची बाटली, हेडटॉर्च, शिट्टी, एक वही. टेंट, स्टोव्ह, पाणी गाळायचा फिल्टर, दोघींच्या मॅट आणि जेवण माझ्याकडे.

जेवणाचाच प्रश्न सगळ्यांत मोठा निघाला, कारण तिथं अस्वलं आहेत आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मार्बल्ड मरलेट नावाचा एक पक्षी आहे. अस्वलासाठी उपाय सोपा. अस्वलाला उघडता येणार नाही असा जाड प्लॅस्टिकचा डबा असतो, रिकामाच सव्वा किलोच्या आसपास. खाण्याचं सगळं, शिवाय टूथपेस्ट, साबण, क्रीम, वास येणारं जे असेल ते रात्री त्यात बंद करून टेंटपासून लांब ठेवायचं.

मरलेटची गोष्ट वेगळी आहे. हा समुद्रपक्षी. दिवस समुद्रात मासे पकडण्यात घालवतो आणि अंडं घालायला कित्येक किलोमीटर आत, जुन्या झाडांकडे येतो. घरटं बांधत नाही. जुन्या रेडवुडच्या वरच्या जाडजूड फांदीवर शेवाळ साचलेलं असतं, त्यातल्या खळग्यात एकच अंडं घालतो. हा पक्षी अंडी कुठं घालतो हे पक्षीशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं उमगत नव्हतं. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्याच बिग बेसिन पार्कात झाडावर चढलेल्या एका माणसाला त्याचं पिल्लू अचानक सापडलं, तेव्हा कोडं सुटलं. अशा जुन्या फांद्या आता फार थोड्या उरल्यात, कारण मूळच्या रेडवुड जंगलापैकी न तोडलेलं जंगल जेमतेम पाच टक्के आहे. आणि त्यात आपण मुक्कामाला जाऊन चिवडा सांडतो. सांडलेल्या कणांवर स्टेलर्स जे नावाचे पक्षी आणि डोमकावळे येतात, तिथंच ठाण मांडतात, त्यांची संख्या वाढते, मग वरच्या फांदीवरचं एकुलतं अंडं त्यांना सापडतं. म्हणून या पार्कांमध्ये एकच सांगणं असतं: एक कणही सांडू नका.

आमच्या घरात प्रवासाला निघायचं म्हणजे चिवडा, भडंग, शेव, चुरमुरे. मुठीनं खायचं आणि चार दाणे सांडायचे, त्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. यावेळी ते सगळं घरी. लेकीनं आणि मी मिळून ओट्यावर परीक्षा घेतली. एकेक पदार्थ काळ्या कापडावर खाऊन बघायचा आणि खाली काय पडतं ते मोजायचं. खाकरा पहिल्याच घासाला बाद. दाण्याच्या लाडवानं निराशा केली. चिक्की कडक असूनही तिचा चुरा होतो. आंबापोळी आणि फणसपोळी शंभर टक्के पास, एक कण नाही. खजुराच्या वड्या पास. दशम्या मऊ असतात, तुटताना कण पडत नाही, म्हणून पहिल्या दिवसाला दशमी आणि लसणीची ओली चटणी. रात्रीला पिठलं: डाळीचं पीठ खमंग भाजून, त्यातच हळद, तिखट, मीठ, जिरं, वाळवलेली कोथिंबीर, सुक्या लसणाची फोडणी कालवून पुडी बांधायची, तिथं उकळत्या पाण्यात घातली की पाच मिनिटांत तयार. सोबत शिजवून वाळवलेला भात. सकाळी फोडणी दिलेल्या भाजक्या रव्याचा उपमा. भांडं घासलेलं पाणीसुद्धा गाळून, वर उरलेले कण पिशवीत घालून परत आणायचे. हे काम लेकीनं स्वतःहून मागून घेतलंय. अंड्याची राखण माझ्याकडे, म्हणाली.

भीतीच्या गोष्टी आम्ही मोजक्या बोललो, पण स्पष्ट बोललो. पॉयझन ओक हे झुडूप बिब्ब्याच्या, काजूच्या, आंब्याच्याच कुळातलं. बिब्बा उतलेला मी लहानपणी पाहिलाय, त्यामुळे तीन पानांचा तो पुंजका दिसला की लांब राहायचं हे तिला मनापासून पटवता आलं. एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, ऑरिकच्या कुरणांत कळपानं असतात, नर चार-पाचशे किलोंचे, फोटो लांबूनच. प्यूमा नावाची मोठी जंगली मांजरं आहेत, म्हणून वाटेवर तिनं माझ्या पुढे पळत जायचं नाही. आणि हरवलीच तर एका झाडाला धरून तिथंच बसायचं, शिट्टी वाजवत राहायचं, मला शोधायला निघायचं नाही. कॅलिफोर्नियात १९८१ साली नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात हरवून दगावला, त्यानंतर मुलांना हा धडा शिकवायला सुरुवात झाली. ते ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'पण मी त्याच झाडापाशी थांबले हे तुला कसं कळणार? सगळी सारखीच दिसतात.' म्हणून तिच्या सॅकमध्ये भडक नारिंगी रंगाचं एक मोठं कापडही गेलं.

जाण्याआधी बिग बेसिन बघायचंच, हे माझं ठरलेलं होतं. १९०२ साली स्थापन झालेलं, कॅलिफोर्नियातलं सगळ्यांत जुनं स्टेट पार्क. २०२०च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडून लागलेल्या आगीत त्याचा ९७ टक्के भाग होरपळला. मैत्रीण म्हणाली, मुलीला आधी सुंदर जंगल दाखव, जळकं कशाला? मला ते पटलं नाही. तिच्या पिढीला आग बातमीतच भेटणार असेल तर तिनं आगीनंतरचं झाडही जवळून बघावं. मे महिन्यात गेलो. खोडं कोळशासारखी काळी, सालीवर हात ठेवला की पंजा काळा. रेडवुडची साल फूटभर जाड असू शकते, तिच्यात राळ नसते, टॅनिन भरपूर असतं, म्हणून आतलं खोड तगतं. आणि त्या काळ्या खोडावर, बुंध्यापासून नजर पोचेल तिथपर्यंत, थेट सालीतून फुटलेले हिरवे झुबके. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या फुटव्यांना लागलेलं अन्न झाडानं कित्येक दशकांपूर्वी साठवून ठेवलेलं होतं, आणि फुटलेले काही डोळे तर शतकानुशतकं सालीखाली निजलेले होते. लेकीनं त्या फुटव्याला बोट लावलं, मग बोटाकडे बघितलं: एका बाजूला काजळी, दुसऱ्या बाजूला धुक्याचं पाणी. वहीत तिनं दोन्हीचा ठसा उमटवला. पाण्याचा ठसा वाळून गेला म्हणून ती खट्टू झाली, मी तारीख लिहून ठेवली.

जाता-येता लेगेटजवळ खोडात बोगदा कोरून त्यातून गाडी नेता येईल असं एक झाड आहे. लोक हौसेनं थांबतात. आम्ही थांबणार नाही. लेकीलाही ते पटलंय, अट एवढीच की त्या वेळात वाटेतल्या युरेका गावात आइसक्रीम मिळावं.

आता परमिट हातात आलंय. त्यावर दोघींची नावं आहेत, आणि गटप्रमुख म्हणून माझं. तिथं फोनला नेटवर्क नाही, म्हणून नवऱ्यासाठी एक कागद लिहून फ्रिजला लावलाय: गाडी कुठं लावणार, कुठल्या पट्ट्यावर राहायचा विचार आहे, टेंटचा रंग, दोघींच्या जाकिटांचा रंग, पार्काचा नंबर. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर त्यानं आधी थोडी वाट बघायची, नऊ वाजले की पार्काला कळवायचं. साताऱ्याला बाबांनाही तोच कागद पाठवला. त्यांनी उलट विचारलंय, सात म्हणजे तुमचे की आमचे. दोन्ही वेळा लिहून कागद पुन्हा पाठवायचाय.